केराबाईंसाठी नेलेला नारळ

"वहिनी, केराबाई आज भेटायच्या नाहीत. अकलूजला बाजाराला गेल्यात त्या," कंडक्टर मुलाणी मास्तर म्हणाले.

"मघाशी म्हणालात, माहेरी गेल्यात."

"माहेर अकलूजचंच आहे त्यांचं," तिकिटाच्या यंत्राकडे बघत मास्तरांनी सांगितलं आणि ते घाईघाईने पुढच्या बाकाकडे वळले. पुढच्या बाकावरच्या आजोबांचं तिकीट त्यांनी कुर्डुवाडीच्या आधीच फाडलं होतं, हे मी पाहिलं होतं. पण मला वाटलं, कामाच्या गडबडीत असतील.

मी मांडीवरची पिशवी नीट धरली. पिशवीत नारळ होता, हिरवा खण होता, ओंजळभर गहू, हळकुंड आणि सुपारी. नारळ मी आदल्या दिवशी भगवंताच्या देवळापुढच्या दुकानातून कानाशी हलवून, पाणी ऐकून घेतला होता.

गाडी बार्शी-बारामती, साडेनऊची. स्टिअरिंगवर आमचे हे, दिगंबर ढवळे. बावीस वर्षं खाकी घातलेला माणूस. सकाळी हे कंट्रोलरच्या खिडकीशी सही करायला गेले होते, तेव्हाच मी गाडीत चढून सहाव्या बाकावर खिडकीशी बसले. हे आले, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला, आरसा सारखा करायला हात वर नेला आणि हात तसाच राहिला.

"अगं, तू?" आरशातूनच त्यांनी विचारलं.

"येते बारामतीपर्यंत. तुमच्याबरोबरच परत. वाटेत केराबाईंची ओटी भरायची आहे."

ह्यांनी आरसा सारखा केला. गाडी सुरू केली तेव्हा गिअर कुरकुरला. बावीस वर्षांत दिगूभाऊंचा गिअर तेवढ्या एका दिवशी कुरकुरला, असं मास्तर अजून सांगतात.

मार्गशीर्ष चालू होता. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी उभी होती. मी मनातल्या मनात जप धरला, पण लक्ष लागेना. केराबाई दिसायला कशा असतील, एवढंच मनात येत होतं.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात ह्यांची मेडिकल झाली होती. डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "ढवळे, साखर फार आहे. वजनही वाढलंय. सहा महिने देतो. उतरली नाही तर स्टिअरिंग सोडावं लागेल. डेपोच्या शेडमध्ये हलकं काम मिळेल तुम्हाला."

घरी येऊन हे बराच वेळ ओट्यावर बसले. मग उठून स्वतःच खाकी धुतली. एरवी कधी बादलीला हात लावत नाहीत. दोरीवर शर्ट टाकताना त्याच्या बाह्या हाताने सरळ करत म्हणाले, "मागं पन्नास माणसं बसलेली असतात. डोळ्यापुढं अंधारी आली तर? डॉक्टरचं खोटं नाही." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पण शेडमध्ये मी काय करू गं?"

सकाळ-संध्याकाळचं जेवण माझ्या हातात होतं. ते मी दुसऱ्याच दिवशी बदललं. भात कमी केला, भाकरी ठेवली, पालेभाजी वाढवली, चहाची साखर बंद केली. पण दुपारचं काय? गाडी जेवायला थांबते त्या हॉटेलात ड्रायवर-कंडक्टरचं ताट हॉटेलवाल्याकडून असतं. ड्रायवर गाडी थांबवतो म्हणून पन्नास गिऱ्हाइकं उतरतात, तेव्हा त्याच्यापुढे येतं ते हॉटेलातलं सगळ्यात चांगलं. टेंभुर्णी सोडल्यावर भीमेच्या पुलापलीकडे नलवडे आबांचं हॉटेल आहे. तिथं ह्यांचं बावीस वर्षांचं टेबल.

"डबा देत जाते," मी म्हटलं होतं.

"आबांच्या समोर बसून घरचा डबा उघडू? तोंडात मारल्यासारखं होईल त्यांना."

तेही खरंच होतं. मग मला जे येत होतं ते मी केलं. माझी आई म्हणायची, देवाकडे मागायचं तर आधी आपलं काहीतरी सोडावं. मी भगवंतापुढे उभं राहून नेम धरला. ज्या दिवशी हे बाहेर तळलेलं, तुपातलं, गोड खातील, त्या दिवशी रात्री मी जेवणार नाही. सहा महिने. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "असले नेम नको धरू." मी म्हटलं, "धरून झाला."

पहिल्याच दिवशी ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "भजी खाल्ली आज. चार." मी ह्यांना वाढलं आणि तांब्याभर पाणी पिऊन देवापाशी पोथी घेऊन बसले. मला उपासाचं काही वाटत नाही, लहानपणापासूनची सवय आहे. त्या आठवड्यात असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ह्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि अर्ध्यातून उठले.

दुसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कारच झाला. हे आले तेच सांगत, "आज वरण-भात खाल्ला आणि ताक घेतलं. तिथं केराबाई म्हणून आहेत स्वयंपाकाला. आबांच्या नकळत माझं वेगळं काढून ठेवतात."

मी देवापुढे साखर ठेवली. त्या रात्री मी पोटभर जेवले.

मग रोज केराबाईंचं काही ना काही असायचं. त्या मुगाचं वरण पातळ करतात. फोडणीला थेंबभर तेल टाकतात, आणि लसूण तळत नाहीत, ठेचून घालतात. आज त्यांनी काकडी चिरून दिली. आज म्हणाल्या, आधी ताक प्या, मग जेवा, म्हणजे दोन घास कमी जातात. सांगता सांगता हे माझ्या ताटात डोकावायचे. "अजून एक भाकरी घे की." मी म्हणायची, पुरे. तरी वाढायचे. सांजवात लावताना मी घरातल्या माणसांबरोबर केराबाईंचंही नाव घ्यायला लागले. जिला कधी पाहिलं नाही अशी बाई माझ्या माणसाला जपत होती.

आणि गेल्या आठवड्यात ह्यांचं रक्त तपासलं, तर साखर उतरायच्या ऐवजी वाढलेली. हे कागदाकडे बघत राहिले. मी माझ्या नेमात खोट शोधत बसले. एकादशी चुकली होती का, दिवा मध्येच विझला होता का? शेवटी मनात आलं, दोन महिने जिचं अन्न घेतलं तिचे साधे आभार मानले नाहीत. तेवढं राहिलं असेल. म्हणून तो नारळ.

टेंभुर्णीला मास्तर पुन्हा माझ्या बाकाशी आले. "वहिनी, तुम्ही असं करा, इथं उतरा. माझी मामेबहीण राहते इथं. जेवा, आराम करा. परतीला घेतो."

"तुमची मामेबहीण मागं कुर्डुवाडीला होती ना, मास्तर?"

मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "वहिनी, तुमची स्मरणशक्ती म्हणजे," एवढंच म्हणून त्यांनी घंटी मारली.

पूल आला. भीमेचं पाणी काठोकाठ होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं. मी पिशवीला हात लावून नमस्कार केला. आरशात हे माझ्याकडे बघत होते. मी हसले. ह्यांनी डोळे रस्त्यावर नेले.

हॉटेल मोठं होतं, पुढे पत्र्याची शेड, बाकं, गल्ल्यावर आबा नलवडे. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. "आज वहिनी पण?" म्हणून ते गल्ल्यावरून उठून आले. "केवढं भाग्य आमचं. बसा, बसा. गणपत, साहेबांच्या टेबलावर पाणी ठेव." मला त्यांनी पाण्याच्या बाटलीबरोबर स्वच्छ पुसलेली खुर्चीही दिली. मागे फिरताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घरच्या माणसाच्या ठेवतात तसा.

हे बसायच्या ऐवजी उभेच. "मी जरा आत जाऊन सांगून येतो," म्हणाले आणि निघाले. पण तेवढ्यात गणपत आलाच. चाळिशीचा, उंच, दोन्ही हातांवर ताटं. त्याने ह्यांच्या जागेवर ताट ठेवलं.

शेवभाजीवर बोटभर तर्री तरंगत होती. दोन रोट्यांवर लोणी वितळत होतं. बशीत मिरचीची भजी रचलेली, आणि वाटीत दोन गुलाबजाम.

"साहेब, नेहमीचं," गणपत म्हणाला. "मिरच्या आज बारीक आल्यात, म्हणून चार भजी जास्त टाकल्यात."

मास्तरांनी हात लांब करून ताट आपल्याकडे ओढलं. "हे माझं आहे."

"तुमचं आणतोय की, मास्तर. तुम्ही कुठं शेवभाजी खाता? ॲसिडिटी होते म्हणता."

"आज नाही होत."

"नेहमीचं म्हणजे?" मी गणपतला विचारलं.

"रोजचं, वहिनी. साहेबांची गाडी पुलावर दिसली की आम्ही भजी तेलात सोडतो. ताटात पडेपर्यंत गरम पाहिजेत त्यांना." आपण काही चांगलं सांगतोय अशा खुशीत तो हसला आणि पाण्याचा जग ठेवून गेला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होते.

मी पिशवी उचलली. "मास्तर, स्वयंपाकघर कुठल्या अंगाला आहे?"

"वहिनी, बसा हो. मी सांगतो तुम्हाला सगळं."

"ओटी आणली आहे, मास्तर. परत कशी नेऊ?"

आत मोठ्या शेगड्यांशी पुरुषमाणसं होती. कढया, तेलाचा धूर. एकाने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. मागे पत्र्याखाली चूल पेटलेली होती आणि तिच्यापुढे एक पन्नाशीची बाई भाकरी थापत होती. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत पीठ. अकलूजला गेली नव्हती.

"तुम्हीच केराबाई?"

"व्हय."

"मी बार्शीच्या गाडीच्या ड्रायवरांची, ढवळ्यांची मंडळी."

"आगं बया. या की." पायाने तेलाचा रिकामा डबा माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "बसा ह्याच्यावर. पुसलेला हाय."

मी बसले नाही. पिशवीतून खण काढला, त्यावर नारळ ठेवला. "तुमची ओटी भरायला आलेय. दोन महिने तुम्ही ह्यांच्यासाठी मुगाचं वरण वेगळं काढता, काकडी चिरून देता. रोज संध्याकाळी तुमचं नाव घेते मी. पदर पुढे करा."

केराबाई उठल्या. बादलीत हात धुतले, लुगड्याला पुसले, कमरेचा पदर सोडून हातात घेतला. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथंच थांबली. मी वळले नाही. दारात कोण उभं आहे ते मला कळलं होतं.

त्यांनी पदर पुन्हा कमरेला खोचला.

"ताई, देवाची ओटी हाय. खोटं बोलून पदर पसरायची न्हाई मी. मी त्यांच्यासाठी वरण कधी केलं न्हाई. त्यांनी मागितलंच न्हाई." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "एकदा तेवढं हितं यिऊन इचारलं हुतं, मुगाचं वरण कसं करता म्हणून. मी सांगितलं, लसूण ठेचून घाला, तेल थेंबभर. मला वाटलं, घरी सांगायचं आसंल."

माझे हात पुढे होते ते तसेच राहिले. नारळ जड लागायला लागला.

"का?" मी विचारलं. मागे न बघताच.

चुलीत लाकूड तडतडलं. आतून कुणीतरी तीन शेवभाजी, दोन तंदुरी अशी हाक दिली. ह्यांचा आवाज आला तो फार खालून आला.

"तू जेवावीस म्हणून."

मी वळले.

"पहिल्या आठवड्यात चार रात्री तू पाणी पिऊन उठलीस," हे म्हणाले. "मला सुटत नव्हतं गं. सकाळी ठरवून निघायचो. पण बारा वाजले, पूल आला, आबांनी हाक मारली की ताट पुढं यायचंच. नको म्हणायचं तर कारण सांगायला लागलं असतं. ड्रायवरला साखर आहे, हे सगळ्या हॉटेलात झालं असतं. भजी मी खायची आणि उपाशी तू. म्हटलं, मी तर चुकतोच आहे. निदान तू तरी दोन घास खा."

रोज रात्री माझ्या ताटात पडलेली ती जास्तीची भाकरी मला दिसली. मी भरल्या पोटाने देवाचे आभार मानत होते, आणि समोर बसलेला माणूस दिवसेंदिवस माझ्याशी खोटं बोलायला शिकत होता. मीच शिकवलं होतं. देवापुढे उभं राहून.

"भाकरी करपली," केराबाई पुटपुटल्या आणि तवा ओढला.

मी डब्यावर बसले. नारळ मांडीवर घेतला. तव्यावरच्या भाकरीकडे बघितलं. मग विचारलं, "ही भाकरी कुणासाठी?"

"आमची. कामकऱ्यांची."

"तुम्ही आतलं खात नाही?"

"हाटेलात राबणारं माणूस हाटेलातलं खात न्हाई, ताई. आठ दिवसांत पोट बिघडतं. आमचं आमी मागच्या चुलीवर करतो. करडईची भाजी हाय, मुगाची आमटी, कांदा. ताक आबांच्या घरनं येतं."

"मुगाची आमटी," मी म्हटलं.

"व्हय. तीच, त्यांनी इचारल्याली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. रोज संध्याकाळी जी आमटी मला सांगायचे, ती त्यांच्या टेबलापासून पंधरा पावलांवर शिजत होती.

"वास आला होता म्हणून विचारलं होतं," हे म्हणाले. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखे कान लाल झाले होते त्यांचे.

"मग मागितली का नाही?"

"बावीस वर्षं पुढच्या टेबलावर बसतोय. मागच्या दारी येऊन कामकऱ्यांच्या टोपातली भाकरी मागू?"

"घरी भाकरीच खाता की."

"घर वेगळं."

"आन् भाकरी?" केराबाईंनी विचारलं. "ती पण येगळी आसती का बार्शीला?" हे जरा हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

तेवढ्यात आबा आले. ताट तसंच टाकून ड्रायवरसाहेब मागे गेले, हे गणपतने सांगितलं असणार. "वहिनी, काय कमी पडलं का? भाजी आवडली नाही? दुसरी टाकायला सांगतो."

"काही कमी नाही, आबा," मी म्हटलं. "जास्तच आहे. उद्यापासून ह्यांचं ताट ह्या चुलीवरचं द्याल का?"

आबांचा चेहरा पडला. "कामकऱ्यांचं जेवण ड्रायवरला? अहो, इतर गाड्यांचे ड्रायवर बघतील. म्हणतील, नलवडे कंजूष झाला. माझ्याकडं माणसाला मान कसा देतात, ते विचारा कुणालाही."

"मान देता म्हणून तर म्हणतेय." मला मोठ्याने बोलता येत नाही. शेगड्यांच्या आवाजात आबांना वाकून ऐकावं लागलं. मी ह्यांच्याकडे एकदा पाहिलं. ह्यांनी मान हलवली, सांग म्हणून. "ह्यांची साखर वाढली आहे. चैत्रात पुन्हा तपासणी आहे. नाही उतरली तर स्टिअरिंग जाईल. मग त्या टेबलावर दुसरं कुणी बसेल, आबा. तुम्ही त्यालाही मान द्याल, माहीत आहे मला. पण माझ्या ह्यांना अजून सात वर्षं पुलावरून गाडी आणायची आहे."

आबा ह्यांच्याकडे बघत राहिले. "दिगू, मला बोलला नाहीस?"

"काय बोलणार, आबा."

"मी रोज गुलाबजाम घालतोय तुला." आबांनी कपाळावरचा घाम पुसला. बुक्का पसरला, त्यांच्या लक्षात आलं नाही. मग ते दारातून आत ओरडले, "गणपत, साहेबांचं ताट मागं आण. रिकामं करून आण. पुढच्या टेबलाचंच आण, स्टीलचं, मोठं."

मी उठले. नारळ चुलीशेजारच्या फळीवर ठेवला, हळदीच्या डब्यापाशी. तिथंच खिळ्याला देवाचा छोटा फोटो लावला होता. त्याला हात जोडले.

"माझा नेम मी इथं सोडते," मी म्हटलं.

"अगं, सहा महिन्यांचा आहे. अर्धाही झाला नाही," हे घाबरून म्हणाले. देवाधर्मातलं त्यांना फार कळत नाही, पण नेम मोडला तर मला काय वाटतं ते कळतं.

"मोडत नाही. उद्यापन करते. उद्यापनाला सवाष्ण जेवू घालतात." मी केराबाईंकडे वळले. "केराबाई, बसा. मी वाढते."

"मी? आन् भाकऱ्या?"

"मला येतात भाकऱ्या."

"नगं ताई, पाव्हण्याबाईनं चुलीपुढं बसायचं आन् मी जेवायचं?"

"तुम्हाला कुणी वाढलंय कधी, बसवून?"

केराबाईंनी खरंच आठवून बघितलं. "लग्नात वाढलं आसंल," त्या म्हणाल्या. आणि मुकाट्याने डब्यावर बसल्या.

मी बांगड्या मागे सारून परातीपाशी बसले. पीठ चांगलं होतं, ताजं दळलेलं. दोन भाकऱ्या थापल्या, टम्म फुगल्या. केराबाईंना पहिलं ताट वाढलं, मग ह्यांना, तिथंच पत्र्याखाली पाट टाकून. करडईची भाजी, वाटीभर आमटी, चिरलेला कांदा, ताक. ह्यांनी आधी ताक प्यायलं.

"बघा, ताक आधी पितात," मी म्हटलं.

"ते तेवढं मी मनानं सांगितलं होतं," हे म्हणाले.

आमटीत भाकरी कुस्करून त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "केराबाई, ही तर मी सांगायचो त्यापेक्षा चांगली आहे."

"तुमी सांगताना मीठ कमी घातलं आसंल," केराबाई म्हणाल्या.

गणपत भज्यांची बशी घेऊन दारात उभा होता. काय करावं त्याला कळेना. केराबाईंनी हात लांब करून बशीतलं एक भजं उचललं आणि ह्यांच्या ताटाच्या कडेला ठेवलं. "येक खावा. येकानं काय हुत न्हाई. धा खाल्ल्यानं हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चालंल न्हवं?"

मी मान हलवली. ह्यांनी ते एक भजं पुरवून पुरवून खाल्लं, शेवटपर्यंत ठेवून.

"गाडी सुटायची कधी?" गाडीतले पुढच्या बाकावरचे ते आजोबा मास्तरांना विचारत होते.

"उद्यापन चाललंय, आजोबा. दहा मिनिटं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचंच म्हणा," मास्तर म्हणाले. त्यांनी गुलाबजाम खाल्ले होते आणि आता पोटावर हात फिरवत होते.

निघताना मी पुन्हा खण पुढे केला. केराबाईंनी माझे हात धरले. "आज न्हाई, ताई. अजून मी काय केलंय? चैत्रात तपासणी हुंदे. उतरली म्हणून कळलं, की मग या. तवर नारळ हितंच ऱ्हाऊ दे, फळीवर. रोज दावीन मी त्यास्नी."

आणि त्यांनी रोज दाखवला. ह्यांचं ताट पुढच्या टेबलावरच यायचं, गणपतच आणायचा, पण टोप मागचा. इतर गाड्यांच्या ड्रायवरांनी चार दिवस चेष्टा केली, दिगूभाऊंना आबांनी रोजंदारीवर ठेवलं काय म्हणून. पुढे त्यातलेच दोघं आबांना म्हणाले, आम्हालाही तेच द्या. आबांनी पाटीवर लिहायचं ठरवलं होतं, पण नाव काय द्यायचं ते ठरेना, म्हणून राहिलं.

चैत्रातल्या तपासणीत साखर उतरलेली निघाली. अगदी हवी तेवढी नाही, पण डॉक्टरांनी सही केली. मी ओटी भरायला गेले तेव्हा केराबाईंनी फळीवरचा नारळ काढून कानाशी हलवला. पाणी वाजलं नाही. आतलं खोबरं सुटून गोटा झाला होता, तो खडखडला. "असू दे," त्या म्हणाल्या, "गोटा टिकतो." आणि पदर पुढे केला. हे पुढची सात वर्षं स्टिअरिंगवर होते. खाकी उतरवली ती वेळ झाल्यावर, हार घालून. त्या दुपारीही जेवले आबांकडेच.

त्या उद्यापनाला आता चौदा वर्षं झाली. त्यानंतर मी पुष्कळ नेम धरले, अजून धरते. दुसऱ्याच्या ताटावर मात्र कधी धरला नाही.

पण मला राहून राहून आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. आम्ही बारामतीहून परत आलो, हात-पाय धुतले, मी सांजवात लावली. केराबाईंचं नाव घेतलं, ते तसंच ठेवलं. मग दोघांची ताटं समोरासमोर वाढली. हे पाटावर बसले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आज एक भजं खाल्लं," म्हणाले.

मी तिथंच होते. मला माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलं.

मी भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. तो खाली उतरेपर्यंत हे बघत राहिले. मग त्यांनीही आपलं ताट पुढे ओढलं.